आईच्या नावाने: डॉ. स्नेहलता देशमुख यांच्या स्मृतीसाठी मुंबई विद्यापीठाच्या कुलगुरूंना खुले पत्र

प्रति,
मा. कुलगुरू,
तसेच व्यवस्थापन परिषदेचे आणि अधिसभेचे सर्व सन्माननीय सदस्य,
मुंबई विद्यापीठ

माहितीसाठी प्रत: मा. आयुक्त, बृहन्मुंबई महानगरपालिका, मा. अधिष्ठाता, लोकमान्य टिळक महानगरपालिका सर्वसाधारण रुग्णालय, सायन

सादर नमस्कार,

मी धारावीत वाढले, आपल्याच विद्यापीठाची पदवी घेतली आणि आज वस्तीतल्या एका शाळेत शिकवते. डॉ. स्नेहलता देशमुख २०२४ च्या जुलैअखेरीस आपल्यातून गेल्या. त्या लहान मुलांच्या सर्जन होत्या, सायन रुग्णालयाच्या अधिष्ठाता होत्या आणि १९९५ ते २००० या काळात मुंबई विद्यापीठाच्या कुलगुरू होत्या. त्यांच्या नावाने काहीतरी व्हायला हवं असं वाटणारे या शहरात पुष्कळ आहेत. त्यांचं तैलचित्र लागावं, व्याख्यानमाला सुरू व्हावी, एखाद्या चौकाला नाव मिळावं. यातल्या कशालाच माझी हरकत नाही. माझी मागणी मात्र वेगळी आहे. सायन रुग्णालयात लेकरं घेऊन येणाऱ्या आयांसाठी, विद्यापीठाच्या विद्यार्थ्यांनी चालवलेला, डॉ. देशमुखांच्या नावाचा एक कायमचा मदत कक्ष आपण उभा करावा. ही मागणी का करते आहे ते जरा सविस्तर लिहिते, कारण त्यांचं काम नीट पाहिलं तर ती त्यांच्या कामातूनच निघते.

नवजात बाळांवर शस्त्रक्रिया करणारा डॉक्टर नेमकं काय करतो, हे ज्यांच्या घरात ती वेळ आली त्यांनाच कळतं. काही बाळांना जन्मतःच शीची जागा नसते. काहींची अन्ननलिका जठरापर्यंत पोचलेली नसते; वरचा भाग मध्येच बंद झालेला असतो आणि बऱ्याचदा खालचा भाग श्वासनलिकेला जोडलेला असतो. पहिलं दूध पाजलं की बाळाला ठसका लागतो, ते निळं पडतं. अशा बाळाचं वजन दोन-अडीच किलो, शिरा दोऱ्याएवढ्या, आणि हाताशी वेळ थोडा. शीची जागा नसलेल्या बाळाच्या पोटावर आधी एक वाट करून देतात. काही महिन्यांनी मूळ ठिकाणी मार्ग तयार करतात. तो नीट चालू लागला की मग पोटावरची वाट बंद करतात. म्हणजे बऱ्याच बाळांच्या वाट्याला तीन शस्त्रक्रिया येतात आणि त्यांच्यामध्ये महिनोन्‌महिने जातात.

ते मधले महिने बाळ घरी असतं. आमच्या गल्लीतल्या एका बाळाचे ते महिने मी जवळून पाहिले. पोटावरच्या त्या जागेभोवतीची कातडी लाल व्हायची, सोलवटायची. त्याची आई कोमट पाण्यात कापूस भिजवून, दाब न देता, कडेकडेने पुसायची. मग कोरडं करायची, मलम लावायची आणि जुन्या सुती साडीची चौपदरी घडी बांधायची. थोड्या वेळाने पुन्हा तेच. दहा बाय दहाच्या खोलीत, नळाला पाणी असेल तेवढ्या वेळात सगळ्या घड्या धुऊन माळ्यावरच्या दोरीवर वाळत घालायच्या. पावसाळ्यात त्या वाळत नसत, तेव्हा ती तव्यावर हलकेच शेकून घ्यायची. पुढच्या शस्त्रक्रियेसाठी बाळाचं वजन वाढलं पाहिजे, म्हणून स्वतःच्या ताटातलं आधी दुधासाठी म्हणून खायची. सर्जनने केलेलं काम टिकवायची सगळी जबाबदारी त्या महिन्यांत तिच्यावर होती, आणि तिचं शिक्षण चौथीपर्यंतचं.

डॉ. देशमुखांनी हयातीतली कितीतरी वर्षं अशा बाळांच्या आणि अशा आयांच्या सहवासात काढली. त्यांच्याविषयी बोलताना लोक पदांची यादी सांगतात. मला त्या यादीपेक्षा हे वॉर्डातलं जग महत्त्वाचं वाटतं, कारण त्यांच्या पुढच्या सर्वांत मोठ्या निर्णयाचं मूळ मला तिथे दिसतं.

या वॉर्डात बाळाला नाव नसतं. बारसं अजून व्हायचं असतं. मनगटावरच्या पट्टीवर, केस पेपरवर, रक्ताच्या नळीवर 'बेबी ऑफ' असं लिहून पुढे आईचं नाव घातलेलं असतं. सिस्टर दारातून हाक मारते ती 'अमकीचं बाळ' अशीच. बाप कोण, आडनाव काय, जात कोणती, याची वॉर्डाला गरज पडत नाही. हे बाळ कुणाचं, या प्रश्नाचं तिथे एकच उत्तर असतं. बाळ बरं होऊन घरी जातं, त्याला नाव मिळतं, बापाचं नाव आणि आडनाव मिळतं, आणि ज्या नावावर ते जगलं ते आईचं नाव कागदांवरून पुसलं जातं. शाळा, बोर्ड, कॉलेज, नोकरी; कुठेच ते पुन्हा दिसत नसे.

डॉ. देशमुख कुलगुरू झाल्या आणि पदवी प्रमाणपत्रावर आईचं नाव आलं. हा निर्णय घेताना त्यांच्या मनात ती मनगटावरची पट्टी होती की नव्हती, हे मी सांगू शकत नाही. माझी खात्री एवढीच आहे की रोज ती पट्टी वाचणाऱ्या माणसाला आईचं नाव गाळलेलं प्रमाणपत्र अपुरं वाटल्याशिवाय राहिलं नसतं.

कुलगुरू महोदय, आपल्या विद्यापीठाच्या इतिहासात त्या पाच वर्षांत खूप काही घडलं. १८५७ पासून चालत आलेलं 'बॉम्बे' हे नाव जाऊन ४ सप्टेंबर १९९६ च्या राजपत्राने विद्यापीठ अधिकृतपणे 'मुंबई' विद्यापीठ झालं, ते त्यांच्याच काळात. डॉ. मेहरू बेंगाली यांच्यानंतर या खुर्चीवर बसलेल्या त्या दुसऱ्या महिला. आणि त्यांच्या कारकिर्दीत आईचं नाव प्रमाणपत्रावर आलं, तेव्हा त्याची चर्चा या शहराच्या अशा घरांमध्ये झाली जिथे 'कुलगुरू' हा शब्द कधी उच्चारला गेला नव्हता. आमच्या घरात झाली.

माझ्या आईला दोन नावं. एक माहेरचं, तिच्या आजीने ठेवलेलं. दुसरं सासरचं, लग्नात ताटातल्या तांदळावर अंगठीने लिहिलेलं, तिला न विचारता. अर्जावर आईचं नाव लिहायची वेळ आली तेव्हा मी तिला विचारलं, कोणतं लिहू? ती भाजी निवडत होती. हात थांबवून तिने बराच वेळ विचार केला. माहेरचं लिहावं असं तिला वाटत होतं, ते तिच्या तोंडावर दिसत होतं. पण रेशनकार्डावर सासरचं होतं आणि कागद एकमेकांशी जुळायला हवे होते. शेवटी ती म्हणाली, "लिही तेच. इतकी वर्षं त्यालाच ओ देतेय, आता ते पण माझंच झालंय." मग तिने विचारलं, हे आईचं नाव लिहायचं कुणी काढलं? मी सांगितलं, कुलगुरू बाईंनी, आपल्या सायन हॉस्पिटलच्या मोठ्या डॉक्टर होत्या त्या. आई लगेच म्हणाली, "मग त्यांना ठाऊकच असणार. तिथे पोराला आईच्याच नावाने हाक मारतात की." माझ्या धाकट्या भावाचा जन्म सायनलाच झालेला. वॉर्डातली ती हाक तिच्या कानात होती. मघाशी मनगटावरच्या पट्टीविषयी जे लिहिलं ते मला आईने दाखवलेलं आहे.

फोर्टच्या आवारातल्या राजाबाई टॉवरकडे मी त्यानंतर वेगळ्या नजरेने पाहायला लागले. प्रेमचंद रायचंद यांनी टॉवरसाठी दोन लाख रुपये दिले आणि त्याला आपल्या आईचं, राजाबाईंचं नाव द्यायला सांगितलं. १८७८ मध्ये तो पुरा झाला. २८० फूट उंचीचा, त्या काळच्या मुंबईत दुरून कुठूनही दिसेल असा. मला ही गोष्ट फार आवडते. एका मुलाने आईचं नाव विद्यापीठाच्या माथ्यावर कोरून ठेवलं. पण त्या टॉवरखालून पदवी घेऊन बाहेर पडणाऱ्या पिढ्यान्‌पिढ्यांच्या हातातल्या कागदावर त्यांच्या आयांची नावं नव्हती. दोन लाख रुपये देऊ शकणाऱ्या मुलाच्या आईला जे १८७८ साली मिळालं, ते भाजी विकणाऱ्या, धुणीभांडी करणाऱ्या, पापड लाटणाऱ्या आयांना मिळायला विसाव्या शतकाचा शेवट यावा लागला. त्यासाठी देणगी लागली नाही. कुलगुरूंच्या खुर्चीवर बसलेल्या एका बाईंचं मनावर घेणं लागलं.

पुढे सरकारही त्याच वाटेने आलं. ११ मार्च २०२४ ला राज्य मंत्रिमंडळाने निर्णय घेतला की शासकीय कागदपत्रांवर आईचं नाव बंधनकारक असेल, आधी मुलाचं नाव, मग आईचं, मग वडिलांचं आणि शेवटी आडनाव. १ मे २०२४ पासून जन्मलेल्या मुलांना तो लागू झाला. डॉ. देशमुख तेव्हा हयात होत्या. मुंबई विद्यापीठाने ज्या काळात हे करून दाखवलं, त्या काळात ते पुष्कळांना वरवरचं वाटलं होतं. नुसतं नाव लावून बाईचं काय भलं होणार, असं म्हणणारे तेव्हाही होते, आजही आहेत. शाळेत प्रवेशाच्या दिवसांत टेबलाशी बसणाऱ्या माझ्यासारखीला याचं उत्तर रोज दिसतं. नवरा सोडून गेलेली बाई पूर्वी अर्ज भरताना मान खाली घालून उभी असायची. आता ती आधी स्वतःचं नाव सांगते आणि मग बाकीचं. पहिल्या रकान्याशी तिची मान वर असते. हे थोडं नाही.

मात्र नावाने सगळं काम होत नाही, हेही तितकंच खरं. डॉ. देशमुखांचं रुग्णालयातलं काम आणि विद्यापीठातलं काम एकत्र पाहिलं तर दोन्हींची गरज कळते.

सायनचं रुग्णालय १९४७ साली लष्कराच्या जुन्या बराकींमध्ये सुरू झालं आणि १९६४ मध्ये त्याला वैद्यकीय महाविद्यालय जोडलं गेलं. रुळांच्या पलीकडे धारावी. आमच्याकडे 'टिळक' किंवा नुसतं 'सायन' म्हटलं की रुग्णालयच. बाळंतपण तिथे, भाजलेलं तिथे, लोकलमधून पडलेलं तिथे, तान्ह्याचा ताप तिथे. या रुग्णालयाने आई आणि मूल यांच्याकडे पाहायची एक वेगळी रीत घडवली. डॉ. अर्मिडा फर्नांडिस यांनी १९८९ मध्ये तिथे मातृदुग्ध पेढी सुरू केली, आशियातली पहिली. कमी दिवसांच्या, अशक्त बाळांना बाटलीतल्या भुकटीच्या दुधाऐवजी दुसऱ्या आयांनी दिलेलं, निर्जंतुक केलेलं दूध मिळू लागलं. पुढे त्याही या रुग्णालयाच्या अधिष्ठाता झाल्या, आणि १९९९ मध्ये त्यांनी सुरू केलेली 'स्नेहा' ही संस्था धारावीच्या गल्ल्यांमध्ये आजही माता-बालकांसाठी काम करते. डॉ. देशमुखांचा गौरव करताना या सोबतीणींना विसरून चालणार नाही. एका रुग्णालयातून इतक्या बायका एकाच प्रश्नाला भिडल्या, हा योगायोग नव्हे. त्यांच्यासोबतच्या परिचारिका, आया, मावश्या, समाजसेवा विभागातल्या ताया यांची तर कुठे नोंदही नाही. आपल्या विद्यापीठात इतिहासाचा आणि समाजशास्त्राचा विभाग आहे. त्या विभागांच्या विद्यार्थ्यांनी या निवृत्त बायकांच्या आठवणी ध्वनिमुद्रित करून ठेवाव्यात, हीही माझी एक विनंती. त्यातल्या पुष्कळजणी आता सत्तरीच्या पुढे आहेत. हे काम लांबणीवर टाकता येणारं नाही.

डॉ. देशमुखांची सगळी मतं मला पटत होती असं नाही, तेही इथे लिहायला हवं. गर्भसंस्कारांविषयी त्या बोलत, लिहीत. गरोदर बाईने आनंदात असावं, तिने पोटभर चांगलं खावं, घरातल्यांनी तिला जपावं, हा त्यातला भाग मला मनापासून मान्य आहे. मंत्र आणि श्लोकांनी बाळाची बुद्धी घडते, असं त्या नावाखाली आज जे सर्रास विकलं जातं, ते मला मान्य नाही. आमच्याकडे सातव्या महिन्यातली बाई पहाटे पाण्याचे हंडे भरते. तिचा हंडा दुसऱ्या कुणीतरी उचलणं हा तिच्या बाळावरचा पहिला संस्कार, असं मी माझ्या वर्गातल्या मुलग्यांना सांगते. मोठ्या माणसांचा आदर करायला त्यांच्या प्रत्येक मताला मान डोलवावी लागत नाही. आणि त्यांच्या ज्या कामाने आमचं जगणं बदललं, ते काम या मतभेदाने तसूभरही लहान होत नाही.

आता मूळ मुद्द्याकडे येते.

१९९८ मध्ये नाशिकला महाराष्ट्र आरोग्य विज्ञान विद्यापीठ स्थापन झालं आणि राज्यातली वैद्यकीय महाविद्यालयं त्याच्याकडे गेली. सायनचं महाविद्यालयही गेलं. एक सर्जन कुलगुरू असतानाच मुंबई विद्यापीठ आणि मुंबईची सार्वजनिक रुग्णालयं यांचं कागदावरचं नातं सुटत गेलं. प्रशासनाच्या दृष्टीने ते योग्यच असेल, त्यावर माझं काही म्हणणं नाही. पण त्यामुळे एक नुकसान झालं. कला, वाणिज्य, विज्ञान शिकणाऱ्या लाखो मुलांचा आणि शहरातल्या रुग्णालयांचा संबंध आता आपलं कुणी आजारी पडलं तरच येतो. डॉ. देशमुखांच्या आयुष्यात या दोन संस्था जोडलेल्या होत्या. त्यांच्या नावाने त्या पुन्हा जोडाव्यात, असं माझं म्हणणं आहे.

कसं ते सांगते. शहरातल्या कुठल्याही मोठ्या सार्वजनिक रुग्णालयात लेकरू घेऊन पहिल्यांदा येणारी बाई सर्वांत आधी हरवते ती इमारतीत. केस पेपरची खिडकी कुठली, कोणत्या मजल्यावर कोणती ओपीडी, रक्त कुठे द्यायचं, रिपोर्ट कुठे मिळणार, सोनोग्राफीची तारीख कुणाकडून घ्यायची. मग योजनेचे कागद. महात्मा जोतिराव फुले जन आरोग्य योजनेत उपचार होऊ शकतात हे तिला कुणीतरी सांगावं लागतं. सांगितलं तर रेशनकार्ड गावाला, आधारवर जुना पत्ता, बाळाचा जन्मदाखला अजून काढलेला नाही. एका कागदासाठी परत गेली की त्या दिवसाची मजुरी बुडते. दोनदा परत गेली की ती तिसऱ्यांदा येतेच असं नाही. आमच्या गल्लीतल्या त्या बाळाची आई पुन्हा पुन्हा जाऊ शकली कारण सोबतीला शेजारणी होत्या. नुकतीच गावाहून आलेली, शेजार न जुळलेली बाई कुणाला घेऊन जाणार? यात डॉक्टरांचा किंवा खिडकीमागच्या माणसांचा दोष नाही. रांग संपत नाही आणि त्यांना मान वर करायला फुरसत मिळत नाही.

त्यात भाषा. धारावीत तिरुनेलवेलीकडून आलेली तमिळ घरं आहेत, कुंभारवाड्यात गुजराती बोलणारे सौराष्ट्राचे कुंभार आहेत, उत्तर प्रदेश-बिहारचे कारागीर आहेत, तेलुगू, कन्नड, उर्दू आहे, आणि आम्ही सातारा-सोलापूरचे आहोतच. खिडकीशी उभी राहिलेली बाई घरात जी भाषा बोलते ती भाषा येणारं पोर आपल्या एखाद्या महाविद्यालयाच्या वर्गात नक्की बसलेलं आहे. त्याला ती भाषा येते याचं मोल आजवर कुणी केलेलं नाही.

राष्ट्रीय सेवा योजनेच्या प्रत्येक विद्यार्थ्याला वर्षाला १२० तास समाजकार्य करायचं असतं. आपला आजीवन अध्ययन आणि विस्तार विभाग आहे, त्याचेही विद्यार्थी वस्त्यांमध्ये प्रकल्प करतात. नव्या शैक्षणिक धोरणानुसार क्षेत्रीय प्रकल्पांना आणि समाज-सहभागाला श्रेयांक आहेत. म्हणजे मनुष्यबळ आहे, तास आहेत, गुणांची तरतूदही आहे. हे तास पुष्कळदा फेऱ्या, फलक, पथनाट्यं आणि एका दिवसाच्या स्वच्छतेत जातात. त्यांना कमी लेखत नाही, माझे स्वतःचे विद्यार्थी पथनाट्यं करतात. पण त्यातले निम्मे तास जरी ओपीडीच्या दारात एका घाबरलेल्या आईसोबत चालण्यात गेले, तर ते पोर समाजाविषयी जे शिकेल ते वर्गात शिकवता येणार नाही.

मदत कक्षाची रचना अवघड नाही. रुग्णालयाच्या आवारात एक टेबल, चार खुर्च्या आणि डॉ. देशमुखांच्या नावाची एक पाटी. मध्य मुंबईतल्या महाविद्यालयांनी आठवडे वाटून घ्यावेत. प्रत्येक तुकडीला रुग्णालयाच्या समाजसेवा विभागाने आधी शिकवावं. विद्यार्थ्याने औषधाविषयी एक शब्द बोलायचा नाही, रुग्णाचा फोटो काढायचा नाही, कागदावर वाचलेलं बाहेर बोलायचं नाही, कुणाकडून चहासुद्धा घ्यायचा नाही. हे नियम लेखी असावेत आणि मोडले तर तास रद्द व्हावेत. दिवसभरात कोणत्या खिडकीशी जास्त बायका अडल्या, कोणता कागद सारखा कमी पडला, याची एक वही रोज भरावी. महिन्याच्या शेवटी ती वही अधिष्ठातांच्या टेबलावर जावी. वर्षभराच्या वहीतून रुग्णालय प्रशासनाला जे कळेल ते कुठल्याही महागड्या पाहणीतून कळणार नाही.

शंका निघतील, त्या मला ठाऊक आहेत. परीक्षांच्या काळात मुलं येणार नाहीत, म्हणून काम निरनिराळ्या शाखांमध्ये वाटायला हवं. सगळ्यांच्या परीक्षा एकाच आठवड्यात नसतात. मुलं कंटाळतील. काही कंटाळतील, काही राहतील, आणि राहिलेल्यांमधूनच उद्याचे चांगले अधिकारी, परिचारिका, शिक्षक निघतील. संसर्गाची भीती खरी आहे. म्हणून लसी, मास्क आणि वॉर्डाच्या आत न जाण्याचा नियम. खर्च म्हणाल तर तैलचित्राच्या अनावरणाच्या समारंभाला लागतो त्याहून फार नसावा.

याशिवाय एक छोटी गोष्ट आपल्या थेट हातात आहे. दीक्षान्त समारंभात पदकविजेत्यांची आणि पीएचडी धारकांची नावं पुकारली जातात, तेव्हा ती आईच्या नावासह पुकारावीत. सर कावसजी जहांगीर सभागृहात, राजाबाई टॉवरच्या शेजारी, ते नाव मोठ्याने उच्चारलं जावं. आणि ज्या आईला दोन नावं आहेत तिला कोणतं नाव प्रमाणपत्रावर हवं आहे, ते विचारण्याची सोय अर्जात करावी. माहेरचं नाव हवं असेल तर एका साध्या प्रतिज्ञापत्रावर ते मान्य व्हावं. माझ्या आईला ती निवड मिळाली नव्हती. आज माझ्या वर्गातल्या मुलींच्या आयांना मिळू शकते.

आपण हे पत्र व्यवस्थापन परिषदेच्या बैठकीत ठेवावं आणि महापालिका आयुक्तांशी व सायनच्या अधिष्ठातांशी एकत्र बैठक घ्यावी, अशी नम्र विनंती. नव्या शैक्षणिक वर्षात सेवा योजनेची नोंदणी सुरू व्हायच्या आधी निर्णय झाला तर पहिली तुकडी त्याच वर्षी तयार होईल. त्या तुकडीला धारावीची ओळख करून द्यायचं काम आमच्या शाळेतले शिक्षक आणि वस्तीतल्या महिला मंडळाच्या बायका विनामूल्य करतील. त्यांच्याशी मी बोलले आहे आणि त्या तयार आहेत. तमिळ, गुजराती आणि भोजपुरी बोलणाऱ्या, रुग्णालयाच्या रांगा आयुष्यभर पाहिलेल्या बायका त्यांच्यात आहेत. प्रशिक्षणाच्या दिवशी पहिला तास त्यांना द्यावा.

आपली नम्र,
मुंबई विद्यापीठाची एक माजी विद्यार्थिनी आणि शिक्षिका,
धारावी, मुंबई